गाडी गप्प, शरीर बोलते

१२ जून २००९. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात असलेले आयल ऑफ मॅन हे छोटे बेट. इथल्या साध्या डांबरी रस्त्यांवर शंभरहून अधिक वर्षे मोटारसायकलींच्या शर्यती होत आल्या आहेत. शर्यत सुरू झाली की इंजिनांचा आवाज डोंगरापलीकडच्या गावातही पोहोचतो. त्या दिवशी मात्र सुरुवातीच्या रेषेवरून एकामागून एक गाड्या सुटल्या आणि प्रेक्षकांना ऐकू आली ती फक्त साखळीची खरखर आणि टायरची सळसळ. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारसायकलींची ही तिथली पहिलीच शर्यत होती.

या शर्यतीत एक गाडी पुण्याची होती. कपिल शेळके या तरुणाने आपल्या सहकाऱ्यांसह बनवलेली ‘टॉर्क’ची टीएक्स-०१. ती चालवत होता जॉन क्रेलिन, त्याच बेटावरचा अनुभवी रायडर. गाडीने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. एकंदर शर्यत जिंकली ती ‘अग्नी’ने. या गाडीच्या मोटारीमागेही गुजरातेतील एका कंपनीचे काम होते. रॉब बार्बरने ती सुमारे ६०.७ किलोमीटरची एक फेरी ताशी १४०.७ किलोमीटरच्या सरासरीने पूर्ण केली. एकच फेरी, कारण त्या काळच्या बॅटरीत त्याहून जास्त दम नव्हता. त्याच दिवशी पेट्रोलवरच्या मोठ्या शर्यतीत जॉन मॅकगिनेसने एका फेरीत ताशी २११.७ किलोमीटरची सरासरी गाठली. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, मायकेल रटरने याच रस्त्यावर इलेक्ट्रिक गाडीवरून १९६ ची सरासरी ओलांडली. यंत्र किती झपाट्याने पुढे गेले हे या आकड्यांवरून कळते. त्यावर बसणारा माणूस मात्र होता तोच आहे. तेच हृदय, तोच मेंदू, तीच हाडे. क्रेलिनच्या त्या दिवसाकडे पुन्हा यायचे आहे. त्याआधी इलेक्ट्रिक शर्यतीच्या शनिवार-रविवारात, खरे तर शुक्रवार-शनिवारात, रायडरच्या शरीराचे काय होते ते पाहू.

‘मोटो-ई’ या नावाने जागतिक पातळीवरची इलेक्ट्रिक मोटारसायकल स्पर्धा २०१९ ते २०२५ अशी सात वर्षे चालली आणि नंतर ती थांबवण्यात आली. २०२३ पासून सर्व रायडरना एकच गाडी दिली जात असे, डुकाटीची व्ही२१एल. वजन २२५ किलो, त्यातील ११० किलो एकट्या बॅटरीचे. ताकद सुमारे १५० अश्वशक्ती. इटलीतील मुजेल्लोच्या सर्किटवर या गाडीने ताशी २७५ किलोमीटरचा वेग गाठला. मोटोजीपीच्या पेट्रोल गाडीचे किमान वजन १५७ किलो असते. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या रायडरकडे ६८ किलोचा जादा भार. पूर्ण वाढलेला माणूस डबलसीट घेऊन शर्यतीत उतरल्यासारखेच ते. फरक एवढाच की हा पाहुणा मागे बसत नाही, गाडीच्या पोटात बसतो आणि वळणावर झुकायला मदत करत नाही.

शुक्रवारी सरावाची दोन सत्रे आणि पात्रता फेरी. शनिवारी एकाच दिवशी दोन शर्यती, मध्ये तीन-चार तासांचे अंतर. प्रत्येक शर्यत सात-आठ फेऱ्यांची, जेमतेम पाव तासाची. पाव तास म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटेल, यात काय दमायचे? पण शरीराचा हिशेब मिनिटांत होत नाही. लांब शर्यतीत रायडर मधल्या काही फेऱ्यांत श्वास सावरून घेतो, टायर जपतो. इथे तशी सवलत नाही. पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत सगळा जोर लावायचा.

हृदयाची गती अशा वेळी मिनिटाला १६० ते १८० च्या घरात जाते. धावपटूच्या हृदयाची गती वाढते ती स्नायूंना जास्त प्राणवायू हवा म्हणून. रायडरच्या बाबतीत बराचसा भाग अॅड्रेनलिनचा, म्हणजे भीती आणि एकाग्रता या दोघांचा मिळून असतो. दुसरा भाग स्नायूंच्या एका वेगळ्या प्रकारच्या कामाचा. रायडरचे हातपाय फारसे हलत नाहीत, पण ते सतत ताठ असतात. मांड्या टाकीच्या जागेला आवळलेल्या, पोटाचे स्नायू घट्ट, बोटे ब्रेकच्या लिव्हरवर. जड पिशवी हातात धरून बसस्टॉपवर उभे राहिले की हात न हलवताही भरून येतो, तसेच हे. ताठलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी पोहोचते आणि रक्तदाब मात्र वाढतो.

याचा सर्वांत मोठा फटका कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला बसतो. ताशी अडीचशेच्या पुढच्या वेगातील सव्वादोनशे किलोची गाडी वळणाआधी थांबवायची म्हणजे उजव्या हाताच्या दोन बोटांवर आणि दोन्ही तळहातांवर सगळा बोजा येतो. या भागातील स्नायू एका चिवट, न ताणणाऱ्या आवरणात बांधलेले असतात. श्रमाने स्नायू फुगतो, आवरण फुगत नाही. आतला दाब वाढतो, रक्त अडते, बोटे बधिर होतात आणि ब्रेक किती दाबला हेच कळेनासे होते. रायडर याला ‘आर्म पंप’ म्हणतात. मे २०२१ मध्ये स्पेनमधील हेरेझ येथे फाबियो क्वार्टारारो पेट्रोलच्या मोटोजीपी शर्यतीत पहिल्या क्रमांकावर होता. हात असा गेला की शेवटी तो तेराव्या क्रमांकावर आला. त्यानंतर लगेच त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. तिच्यात ते आवरण कापून स्नायूला जागा करून दिली जाते. त्याच वर्षी तो जगज्जेता झाला. म्हणून प्रत्येक दुखऱ्या हाताला चाकू लावावा असे नाही. अनेकांचे दुखणे पकड सैल करण्याच्या सवयीने आणि योग्य व्यायामाने आटोक्यात राहते.

इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, गिअर नाहीत. डाव्या हाताला आणि डाव्या पायाला तेवढी विश्रांती. पण लहानपणापासून पेट्रोलवर वाढलेल्या रायडरचे डोके ही विश्रांती लगेच स्वीकारत नाही. वळण आले की डावा पाय सवयीने गिअर शोधतो. हालचालींची ही स्मृती मेंदूच्या खोलवरच्या भागात आणि लहान मेंदूत साठवलेली असते. तिला विचारून काम होत नाही, ती विचाराच्या आधीच हललेली असते. शुक्रवारच्या सरावाचा बराचसा उपयोग ही जुनी सवय गप्प करण्यासाठीच होतो.

आणि मग आवाजाचा प्रश्न.

पेट्रोल गाडीचा रायडर वेगाच्या काट्याकडे क्वचितच पाहतो. इंजिनाचा सूर किती चढला यावरून त्याला वेग कळतो, गिअर कधी बदलायचा ते कळते, मागचे चाक घसरू लागले तर तेही कळते. माणूस आवाजाला डोळ्यांपेक्षा लवकर प्रतिसाद देतो. अचानक ऐकू आलेल्या आवाजाला साधारण १५० मिलिसेकंदांत, दिसलेल्या गोष्टीला साधारण १९० मिलिसेकंदांत. चाळीस मिलिसेकंद म्हणजे काय मोठे? ताशी २०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी दोन मीटरहून पुढे गेलेली असते. शर्यतीच्या वळणावर दोन मीटर म्हणजे डांबर आणि खडी यांतला फरक. शिवाय आवाज कमी झाला की माणसाला स्वतःचा वेग असतो त्यापेक्षा कमी वाटतो. वाढदिवसाला मिळालेल्या नव्या, बंद काचेच्या गाडीत समृद्धी महामार्गावर बसलेल्या कोणालाही हा अनुभव आला असेल.

इंजिनाचा सूर गेल्यावर मेंदू रिकामा बसत नाही. तो दुसरे आवाज वेचू लागतो. टायर डांबराला घासल्याचा आवाज, गुडघ्यावरचे प्लॅस्टिक जमिनीला खरवडल्याचा आवाज, शेजारून आत घुसणाऱ्या गाडीचा आवाज. पूर्वी हे सगळे इंजिनाच्या गर्जनेखाली दबलेले असायचे. म्हणजे माहिती संपलेली नसते, तिची भाषा बदललेली असते आणि ती भाषा शिकायला वेळ लागतो. दरम्यानचा भार डोळ्यांवर आणि अंतर्कर्णावर पडतो.

अंतर्कर्णाची तर इथे वेगळीच फजिती होते. कानाच्या आत तोल सांभाळणारे अवयव असतात आणि गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेला आहे ते मेंदूला कळवत असतात. वळणावर गाडी साठ अंशांपर्यंत झुकते, तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे बाहेर फेकणारा जोर यांची बेरीज बरोबर रायडरच्या डोक्यापासून बुडापर्यंतच्या रेषेत येते. त्यामुळे कान सांगतो, ‘आपण सरळ बसलो आहोत.’ डोळे सांगतात, ‘जमीन खांद्याला लागायला आली आहे.’ या भांडणात डोळ्यांची बाजू भक्कम करण्यासाठी रायडर मान विरुद्ध बाजूला वळवून डोके शक्य तितके क्षितिजाशी समांतर ठेवतो. चित्रांत ती ऐट वाटते. ती ऐट नाही, चक्कर टाळण्याची युक्ती आहे. हेल्मेटसह डोके असे तिरके धरून ठेवायचे म्हणून रायडरच्या मानेला कुस्तीगिरासारखा व्यायाम द्यावा लागतो.

गाडीला आवाज नाही म्हणजे कानांचे भले झाले, असे मात्र समजू नये. हेल्मेटभोवती घोंघावणाऱ्या वाऱ्याचाच आवाज ताशी शंभरच्या वेगात ९० डेसिबलच्या पुढे जातो. वेग वाढला की शंभरीही ओलांडतो. म्हणून इलेक्ट्रिक शर्यतीतले रायडरही कानांत बोळे घालतात. रोज लांबचा महामार्ग दुचाकीने कापणाऱ्यांनाही हे लागू आहे, गाडी कोणतीही असो.

आता उष्णतेविषयी. हा विषय नागपूरकरांना परक्याने शिकवण्याचा नाही. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे. नवतपा लागला की दुपारी वर्धा रोडवरही शुकशुकाट होतो. रायडरला मात्र दुपारीच जाड चामड्याचा, अंगाला चिकटलेला सूट घालून बाहेर पडावे लागते. शरीर थंड राहते ते घाम आल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. सूटच्या आत घाम येतो, पण वाळत नाही. विजेच्या मोटारीत ऊर्जेचा फार थोडा भाग उष्णतेत वाया जातो, त्यामुळे पायांवर इंजिनाची धग येत नाही. तेवढी एक सवलत. बाकी सूट तोच, ऊन तेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. इलेक्ट्रिक गट तिथे नव्हता, पण शरीराच्या दृष्टीने ती शर्यत अभ्यासण्यासारखी होती. उन्हाळा-दमटपणा पाहून शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ फेऱ्यांवर आणली गेली. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच कोसळला आणि त्याला वैद्यकीय मदत द्यावी लागली. निदान होते शरीरातील पाणी कमी होणे. ज्याचे आयुष्य व्यायामात आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली जाते, त्याची ही अवस्था.

सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरातून दोन टक्के, म्हणजे सुमारे १.४ लिटर पाणी गेले की तहान लागते हे सर्वांना माहीत असते. त्याच वेळी लक्ष ढळू लागते, निर्णय उशिरा सुचतो, हे फारसे लक्षात येत नाही. शनिवारी दोन शर्यती असतात तेव्हा पहिलीत गेलेले पाणी दुसरीच्या आधी परत यायला हवे. संघ त्यासाठी अगदी साधे साधन वापरतात, वजनकाटा. शर्यतीआधी वजन, शर्यतीनंतर अंग पुसून वजन. एक किलो घटले तर पुढच्या काही तासांत साधारण सव्वा ते दीड लिटर पेय घोटाघोटाने घ्यायचे, त्यात मीठ हवे. आपल्याकडचा मिठाचा मठ्ठा किंवा कैरीचे पन्हे या कामाला महागड्या बाटलीपेक्षा कमी पडत नाही. एकदम तांब्याभर साधे पाणी घटाघटा पिणे मात्र बरे नव्हे. आणि ज्याची त्वचा तापली आहे, जो असंबद्ध बोलतो आहे, त्याला पाणी पाजत बसू नये. तो उष्माघात आहे. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडायचे, वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा आणि रुग्णालय गाठायचे.

इलेक्ट्रिक शर्यतीचा रायडर पडतो तेव्हा एक नवी गोष्ट त्याला शिकवलेली असते. पेट्रोल गाडीवरून पडलेला रायडर धावत जाऊन गाडी उचलतो, पुन्हा सुरू करून निघतो. इथे गाडीत ८०० व्होल्टची यंत्रणा आहे. घरच्या पुरवठ्याच्या तिपटीहून जास्त, आणि तीही एकदिश विजेची. म्हणून गाडीवर दिवा असतो. हिरवा असेल तरच हात लावायचा, नाहीतर दूर व्हायचे आणि प्रशिक्षित माणसांना येऊ द्यायचे. अॅड्रेनलिन अंगात भिनलेले असताना थांबून दिव्याचा रंग पाहणे हे वाटते तितके सोपे नाही.

लिथियम बॅटरीची आग ही त्याहून वेगळी गोष्ट. मार्च २०१९ मध्ये पहिला हंगाम सुरू होण्याआधीच हेरेझच्या सर्किटवर रात्री आग लागली आणि स्पर्धेच्या सगळ्या गाड्या जळून गेल्या. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. नव्या गाड्या बनवून पहिली शर्यत जुलैमध्ये जर्मनीत घेतली गेली आणि ती फिनलंडच्या निकी तुलीने जिंकली. अशा आगीत बॅटरीतील रसायने स्वतःच उष्णता निर्माण करत राहतात. वरची ज्वाळा विझली तरी ती पुन्हा पेटू शकते. धुरात फुप्फुसांना इजा करणारे वायू असतात, त्यात हायड्रोजन फ्लोराइडही असू शकतो. म्हणून अशा धुरात सापडलेल्या माणसाची त्वचा भाजलेली नसली तरी त्याला काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते.

पण शर्यतीत रायडरचे सर्वांत जास्त नुकसान वीज करत नाही, आग करत नाही. ते करतो वेग. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि हे गणित इंजिन पेट्रोलचे की विजेचे हे विचारत नाही. खांद्यावर पडून गळ्याजवळचे हाड मोडणे ही या खेळातली नेहमीची दुखापत. हाड जुळते. डोक्याला बसलेला हादरा अधिक फसवा असतो, कारण माणूस उठून चालतो, बोलतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो. म्हणूनच पडून दुखापत झालेल्या रायडरला सर्किटवरच्या डॉक्टरांनी तपासून पास केल्याशिवाय पुन्हा गाडीवर बसता येत नाही. मेंदूला हादरा बसल्याची शंका असेल तर त्या दिवशी नाहीच.

१२ जून २००९ च्या त्या दिवशी पुण्याची गाडी शेवटच्या रेषेपर्यंत सुखरूप नेऊन जॉन क्रेलिन खाली उतरला. त्याच दिवशी तो पेट्रोल गाड्यांच्या मुख्य शर्यतीतही उतरला. ‘माउंटन माइल’ या डोंगरावरच्या सरळ पट्ट्यात त्याला अपघात झाला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक रायडरनी प्राण गमावले आहेत. शेळके यांच्या कंपनीने पुढे रस्त्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारसायकली बनवल्या. ‘क्रॅटोस’ ही त्यांची गाडी जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आली.

नागपूरच्या रस्त्यांवर वीज आली ती शर्यतीच्या वाटेने नव्हे. मे २०१७ मध्ये इथे इलेक्ट्रिक टॅक्सींचा ताफा सुरू झाला, तेव्हा तो देशातला पहिला प्रयोग म्हणून गाजला. आता गल्लोगल्ली इलेक्ट्रिक स्कूटर दिसतात. त्यांना शर्यतीच्या गाडीचा वेग नाही, पण काही गुण तेच आहेत. मूठ पिळताक्षणी पूर्ण जोर मिळतो. मागून गाडी आल्याचे पायी चालणाऱ्या आजोबांना ऐकू येत नाही, आणि चालवणाऱ्यालाही आपण साठवर गेलो हे कळत नाही. पेट्रोल स्कूटरवरून नव्याने इलेक्ट्रिकवर आलेल्याने पहिले आठ-पंधरा दिवस मधूनमधून वेगाच्या आकड्याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी आणि रस्ता ओलांडणाऱ्याने आपल्याला ऐकले आहे असे कधीही गृहीत धरू नये. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत निवू द्यावी. रात्री झोपण्याच्या खोलीत किंवा घराच्या एकमेव दाराशी चार्जिंग करू नये. आग लागलीच तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

शर्यतीच्या रायडरपासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी असते. सूटमध्ये एअरबॅग असते, आणि ती माणूस जमिनीला टेकण्याआधी फुगलेली असते. मानकापूर किंवा पारडीच्या चौकात पडणाऱ्याकडे यातले काहीच नसते. त्याच्याकडे असते ते फक्त हेल्मेट. योग्य हेल्मेट घातले तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेच्या पहिल्याच झटक्यात डोक्यावरून निघून जाते. चौकातला पोलीस दिसला की ते कोपरावरून डोक्यावर येते, पुढच्या वळणावर पुन्हा कोपरावर जाते. पट्टा हनुवटीखाली इतका घट्ट असावा की त्यात दोन बोटे जातील, तिसरे जाणार नाही. उन्हाळ्यात दुपट्ट्यावरून हेल्मेट घालणाऱ्यांनी सुती, पातळ, एकच घडी ठेवावी. जाड दुपट्ट्याने हेल्मेट वर उचलले जाते आणि पट्टा लावूनही ते डोक्यावर डुलत राहते.